अपंग मुलांना मैदानात उतरवायचंय? आधी त्यांच्या हातातली गुणवही काढून घ्या

पहिली अकरा वर्षं मी हजेरीपटात काही नावांपुढे तांबड्या शाईने 'सूट' असं लिहीत आले. पीटीतून सूट. कुबड्यांवर चालणारी एक, फिट येणारा एक, जाड भिंगांचा चष्मा लावूनही फळा न दिसणारा एक. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी सूट, नसली तरी सूट. नुसतं बसवून ठेवणं बरं दिसत नाही म्हणून यांच्यातल्या कुणाच्या तरी हातात गुणवही द्यायची. मला वाटायचं, किती काळजी घेते मी!

व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलीने ही वही पाचवीपासून आठवीपर्यंत सांभाळली. अक्षर सुरेख, बेरीज कधी चुकली नाही. आठवीत असताना एकदा तास संपल्यावर तिने वही माझ्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "बाई, माझे कुठे लिहू?"

चार वर्षांच्या त्या वहीत तिच्या नावाचा रकानाच नव्हता.

त्याला आता चौदा वर्षं झाली. त्यानंतर जे शिकले ते बरंचसं चुकून शिकले. पालक, शिक्षक किंवा नवीन कोच म्हणून तुम्ही या वाटेला लागणार असाल, तर निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नका. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या मुलांच्या वाट्याला कौतुक भरपूर येतं आणि निर्णय फार थोडे. काय घालायचं, कधी निघायचं, खुर्ची कुठे लावायची, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. खेळात त्यांना स्वतः ठरवता येतं, ठरवलेलं चुकतं आणि दोन मिनिटांनी पुन्हा ठरवता येतं. आत्मविश्वास म्हणतात तो इथूनच येताना मी पाहिला आहे.

(अपंग, दिव्यांग, विकलांग, कुठला शब्द बरोबर यावर मोठी माणसं भांडतात. मी मुलांनाच विचारते. बहुतेकांचं म्हणणं एवढंच असतं की नावाने हाक मारा.)

पहिल्या दिवशी विचारायचं, तेही मुलालाच

पालक येतात आणि आधी आजाराचं नाव सांगतात. ते मला हवंच असतं, पण नंतर. आधी मुलाकडे बघून विचारायचं, "तुला काय करून बघायचंय?" उत्तर आईने दिलं तर ऐकून घ्यायचं आणि पुन्हा मुलालाच विचारायचं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी) असलेल्या मुलाला शब्द तोंडातून बाहेर काढायला वेळ लागतो, याचा अर्थ शब्द सुचलेला नाही असा नव्हे. मी मनात वीसपर्यंत मोजते. समोरच्याला हा वेळ फार लांब वाटतो, बोलणाऱ्याला जेमतेम पुरतो. बोलता येतच नसेल तर दोन चेंडू समोर धरायचे, एक मोठा आणि एक लहान, आणि नजर कुठे जाते ते बघायचं. पहिला निर्णय झाला.

मग आजाराचं नाव, आणि ते मात्र नीट, तपशिलात. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांचे मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. डॉक्टरांनी मान तपासल्याशिवाय कोलांटउडी नाही आणि पाण्यात सूरही नाही. मणक्याला वरच्या बाजूला इजा झालेली असेल तर इजेच्या खालच्या अंगाला नीट घाम येत नाही. असं मूल उन्हात चटकन तापतं. त्याच्यासाठी सावली, पाण्याचा फवारा आणि ओला पंचा तयार ठेवायचा. अशा मुलाचं डोकं एकाएकी ठणकायला लागलं आणि चेहरा लालबुंद झाला तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. ताठ बसवायचं, घट्ट पट्टे सोडायचे, लघवीसाठी लावलेली नळी कुठे दुमडली आहे का बघायचं आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवायची. स्पायना बिफिडा (पाठीचा कणा जन्मतःच नीट न जुळलेला) असलेल्या बऱ्याच मुलांना लेटेक्स रबराची ॲलर्जी असते, म्हणून फुगे आणि रबरी चेंडू आणण्याआधी विचारा. फिट येणारं मूल पोहू शकतं, पण त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस त्या वेळी फक्त त्याचाच असला पाहिजे.

यादी वाचून छातीत धस्स झालं असेल तर माझी अकरा वर्षं आठवा. मी हे एकदाही न विचारता 'सूट' लिहून मोकळी व्हायचे. विचारलं असतं तर कळलं असतं की बहुतेकांना दोन-तीन गोष्टी वर्ज्य आहेत आणि बाकी सगळं चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमध्ये 5 ते 17 वर्षांच्या अपंग मुलांसाठीही रोज सरासरी निदान 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचालीचा सल्ला आहे, म्हणजे इतर मुलांना आहे तेवढाच. सूट कुणालाच नाही.

मोज्यातली वाळू आणि चिरलेला पाइप

साहित्य महाग असतं म्हणून थांबू नका. खेळाची खास व्हीलचेअर पुढे लागेल. तिची चाकं वरून आत कललेली असतात, त्यामुळे ती झटकन वळते आणि सहजी कलंडत नाही. पहिल्या सहा महिन्यांत तिच्यावाचून काही अडत नाही.

आम्ही बोचियापासून सुरुवात केली. नाव ऐकलं नसेल तर सांगते. पांढरा चेंडू आधी टाकायचा, मग एका बाजूने सहा तांबडे आणि दुसऱ्या बाजूने सहा निळे चेंडू टाकायचे. पांढऱ्याच्या जास्त जवळ कोण, एवढाच प्रश्न. 1984 पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे. अधिकृत चेंडू साधारण 275 ग्रॅमचा असतो. आम्ही वाळू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली, पिशवी जुन्या मोज्यात कोंबली, काट्यावर 275 भरेपर्यंत चिमूट-चिमूट वाळू काढली-घातली आणि मोजा शिवून टाकला. पहिल्यांदा मी पिशवी वापरलीच नव्हती. मोज्यातून वाळू झिरपून चेंडू दर डावाला हलका होत गेला आणि हरलेल्या संघाने त्यावरून रीतसर तक्रार केली. तक्रार अगदी बरोबर होती.

ज्यांना हाताने टाकताच येत नाही त्यांच्यासाठी उतरती पन्हळ, म्हणजे रॅम्प लागतो. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरायचा, कडा काचपेपरने घासायच्या, एक टोक उंच स्टँडवर टेकवायचं. झाला रॅम्प. या रॅम्पकडे मी शेवटी परत येणार आहे.

खेळ मुलाच्या अंगाबेताने कापायचा तर चार गोष्टी हलवून बघायच्या: जागा, काम, साहित्य आणि माणसं. जगभरचे प्रशिक्षक हेच करतात. माझ्याकडे एका दुपारी चार मुलं आणि एक बादली होती, खेळ एवढाच की चेंडू बादलीत टाकायचा. दृष्टिहीन मुलासाठी एकजण बादलीवर काठीने टकटक करत राहिला. ज्याची मूठ नीट उघडत नव्हती त्याला मोठा, हलका, पकड सुटेल असा चेंडू दिला. वॉकर धरून उभी राहणारी मुलगी खुर्चीत बसली आणि दोन पावलं पुढे आली. चौथा मुलगा स्वमग्न. माझी शिट्टी वाजली की तो कान दाबून भिंतीकडे पळायचा, म्हणून शिट्टी खिशात गेली आणि लाल फडकं हातात आलं. त्या दिवसापासून आमच्या मैदानावर शिट्टी वाजलेली नाही. कर्णबधिर मुलांचीही आपोआप सोय झाली.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर जमलं ते कशामुळे, हे कळत नाही. आणि खेळ इतका सोपा करू नका की चुकणंच संपेल. माझा अंदाज असा की दहापैकी चार-पाच वेळा चुकायला हवं. दहापैकी दहा जमत असेल तर मुलं दुसऱ्याच दिवशी कंटाळतात, आणि आपल्याला बनवलं जातंय हेही त्यांना कळतं.

पडायला शिकवा

हे मी सगळ्यात उशिरा शिकले, खरं तर सगळ्यात आधी शिकवायला हवं.

गुणवहीवाल्या मुलीचा पहिला तास पडण्याचा होता. जाड गादी घातली, डोक्याला हेल्मेट, कमरेला पट्टा, खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं. मागे पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. एक हात गुडघ्यांवर आडवा दाबून धरायचा, म्हणजे गुडघे उसळून तोंडावर येत नाहीत. जमीन पकडायला हात मागे न्यायचा नाही, मनगट जातं. आधी खुर्ची दोन इंच मागे कलवून परत आणली. मग चार इंच. मग गादीपर्यंत, सावकाश. मग धरणाऱ्यांनी थोडं आधी सोडलं.

तिची आई बाकावर होती. पहिल्या वेळी ती उभी राहिली. तिसऱ्या वेळी बाहेर गेली. पाचव्या वेळी मुलगी गादीवर उताणी पडून छताकडे बघत होती, पाय वर, चाक गरगर फिरतंय, आणि म्हणाली, "वरती जाळी किती साठलीय!" चार वर्षं त्याच हॉलमध्ये बसून तिने छत कधी पाहिलं नव्हतं. आई दारातून डोकावली तेव्हा तिला दोघींच्या हसण्याचा अर्थ लागेना.

यानंतर आमचा नियम झाला की मैदानात कुणी पडलं तर धावत जायचं नाही. जवळ जायचं, थांबायचं, लागलंय का बघायचं आणि विचारायचं, "हात देऊ?" 'नको' म्हटलं तर उभं राहायचं. उठायला तीन मिनिटं लागली तर तीन मिनिटं. मात्र ज्यांना पायांत संवेदना नाही त्यांच्या बाबतीत 'लागलं नाही' या शब्दावर विसंबू नका. तास संपल्यावर त्यांना स्वतःला आरशाने त्वचा तपासायला शिकवा. खरचटलेलं त्यांना कळत नाही आणि लहानशी जखम महिनोन्महिने चिघळते. शिवाय दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा पुढे वाकायचं. आमच्याकडे कुणीतरी 'उचला!' ओरडतं आणि सगळे, अगदी चालणारेसुद्धा, खुर्चीतून उठतात.

"आज मला कुणी अडवलंच नाही"

ही माझी सगळ्यात वाईट चूक. एका समारंभात आम्ही चालणाऱ्या मुलांना व्हीलचेअरवर बसवून बास्केटबॉलचा मिश्र सामना ठेवला. पाहुणे होते, फोटो होते. मी चालणाऱ्या मुलांना हळूच सांगून ठेवलं, त्याला एक बास्केट करू द्या. 'तो' म्हणजे माझा सगळ्यात चांगला खेळाडू. शेवटच्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला, समोरचे सगळे बाजूला सरकले, त्याने बास्केट केला, हॉल टाळ्यांनी दणाणला. तो माझ्याकडे आला, चाकांवरचे हात न काढता म्हणाला, "आज मला कुणी अडवलंच नाही, बाई." तीन आठवडे तो सरावाला आला नाही.

माफी मागायला घरी गेले तेव्हा त्याने ती लगेच दिली. पण परत यायला अट घातली. पुढच्या सरावात त्याच मुलांनी त्याला अडवायचं, आणि तेही नीट. त्या दिवशी तो एकही बास्केट न करता घरी गेला. जाताना शीळ घालत होता.

हे खेळ ज्यांनी रचले त्यांना ही गोष्ट माझ्या कितीतरी आधी कळलेली होती. व्हीलचेअर बास्केटबॉलची रिंग 3.05 मीटरवरच असते, उभ्याने खेळणाऱ्यांच्या खेळात असते तेवढीच. ती कुणी खाली आणलेली नाही. बदल केला तो संघ रचण्यात. शरीर किती साथ देतं त्यानुसार प्रत्येक खेळाडूला 1.0 ते 4.5 गुण असतात आणि मैदानावरच्या पाचजणांची बेरीज 14 च्या वर जाता कामा नये. म्हणजे सगळे 'चांगलं शरीर असलेले' घालून संघ होतच नाही. ज्याच्या धडावर ताबा कमी, असा कमी गुणांचा खेळाडू संघाला लागतोच. तो खुर्ची आडवी घालून समोरच्याची वाट रोखतो आणि त्याच्यामागून साडेचारवाला निसटतो. एरवी सगळीकडे ज्याला 'त्याचं कसं करायचं?' असं विचारलं जातं, त्याच्यावाचून इथे गणितच जुळत नाही. मुलांना हे वर्गीकरण फळ्यावर समजावून सांगा. एका मुलाने घरी जाऊन आजीला सांगितलं होतं, "मी एकचा आहे, एकचे फार कमी मिळतात."

गोलबॉलची गंमत आणखी वेगळी. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी 1946 मध्ये हा खेळ तयार झाला. मैदान 18 बाय 9 मीटर, दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू, सव्वा किलोचा घुंगरांचा चेंडू सरपटत टाकायचा आणि आडवं पडून अडवायचा. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे गॉगल असतात, त्यामुळे थोडं दिसणारा आणि अजिबात न दिसणारा सारखेच होतात. मैदानाच्या रेघा चिकटपट्टीखाली दोरी घालून आखलेल्या असतात, बोटांनी चाचपता येतात. आणि चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी चूप बसायचं, टाळी वाजवली तर खेळाडूंना घुंगरू ऐकू येत नाहीत. उगाच टाळ्या पिटणाऱ्या माझ्यासारख्या माणसांना या मैदानावर आधी नेऊन बसवावं. घुंगरांचा चेंडू मिळेपर्यंत साधा चेंडू चुरचुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला तरी काम चालतं.

वहीत काय लिहायचं

गुणवही गेली पण वही राहिली. आता प्रत्येकाची स्वतःची आहे आणि स्वतःच्याच हाताने, तोंडाने सांगून किंवा शिक्का मारून भरायची आहे. तीत 'छान', 'उत्तम' असले शेरे चालत नाहीत. सहा चेंडूंपैकी किती पांढऱ्याच्या हातभर अंतरात पडले? हॉलची एक फेरी किती सेकंदांत? आणि एक ओळ: आज मी काय ठरवलं. 'जोरात टाकायचं ठरवलं. चुकलं.' इतकं पुरतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांड्युरा यांनी 1977 मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' हा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्या कुणालातरी जमताना पाहिलेलं, विश्वासातल्या माणसाने सांगितलेलं आणि स्वतःच्या शरीराकडून मिळणाऱ्या खुणा. यातली पहिली वाट सगळ्यात भक्कम, तिच्यासाठी वही. दुसरीबद्दल एक अनुभव सांगते. मुरलीकांत पेटकरांची गोष्ट मी दर वर्षी सांगते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पुढे पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. मुलं डोळे मोठे करून ऐकतात आणि घरी जातात. पण त्यांच्याहून वर्षभर पुढे असलेली मुलगी खुर्ची उंबऱ्यावरून एका झटक्यात चढवते, ते बघितलं की त्याच दिवशी चौघं उंबऱ्याशी झटत बसतात. म्हणून नव्या मुलाची गाठ आधी त्याच्याहून दोन पावलं पुढे असलेल्या मुलाशी घालून द्या. मी बाजूला होते, तांत्रिक सल्ला मूलच देतं आणि माझ्यापेक्षा बरा देतं.

शेवटची वाट, म्हणजे शरीराच्या खुणा, आमच्या लक्षातच यायची नाही. जी मुलं लहानपणापासून दवाखाने करत आली त्यांना धाप लागणं माहीत असतं ते फक्त आजारपणातलं. एक मुलगी पहिल्यांदा जोरात खुर्ची पळवल्यावर घाबरून रडायला लागली, "छातीत काहीतरी होतंय." मी तिचा हात माझ्या मानेवरच्या नाडीवर ठेवला. मीही तिच्याबरोबर पळाले होते, नाडी धडधडत होती. मग तिने स्वतःची पाहिली. "तुमची जास्त जोरात आहे," असं म्हणून तिने डोळे पुसले. हृदयाचा आजार नाही हे आधी माहीत असेल तरच हे करा.

दोन कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टी

संडास. मुलं खेळ सोडतात त्याचं कारण पुष्कळदा मैदानात नसतंच. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढावी लागते, आणि खुर्ची आत जाईल एवढं दार नाही. ती कारण सांगणार नाही, 'पोट दुखतंय' सांगेल. टेप घेऊन स्वतः दार मोजा. खुली जागा निदान 80 सेंटिमीटर हवी. कडी आतून लागते का, हात धुवायला पाणी पोचेल एवढ्या उंचीवर आहे का, बघा. तासाच्या मध्ये सगळ्यांनाच पाच मिनिटांची सुट्टी द्या, म्हणजे कुणाला एकट्याने उठून जावं लागत नाही.

पालक. पहिले तीन तास बसू द्या, चौथ्यापासून रेघेच्या बाहेर. पट्टा मूल स्वतः बांधेल, दहा मिनिटं लागली तरी. मैदानावरून परतताना 'जिंकलास का?' ऐवजी 'आज काय ठरवलंस?' विचारा. आणि मुलाला खेळ नको असेल तर नको. एकजण आमच्याकडून तबल्याकडे गेला, चांगला वाजवतो. त्याने तोंडावर सांगितलं, "मला घाम आवडत नाही." हाही निर्णयच झाला.

शरीर मागे चाललेलं असताना

वही, आकडे, मागच्या महिन्यापेक्षा पुढे हे सगळं एका मुलाने मला गुंडाळायला लावलं. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायू वर्षागणिक कमी होत जातात. आला तेव्हा बोचियाचा चेंडू हाताने टाकायचा, त्या खेळाच्या वर्गवारीत बीसी4. दीड वर्षात वहीतले आकडे उतरायला लागले: चार, तीन, तीन, एक. अशा मुलाला दमवून 'ताकद' आणायचा प्रयत्न करू नका, स्नायूंचं नुकसान होतं. सरावानंतर अंग फार दुखलं किंवा लघवी गडद झाली तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा. हृदय आणि श्वासाची तपासणी वेळच्या वेळी हवीच.

मी रॅम्प आणला आणि म्हणाले, "हे घे, काही फरक पडत नाही." तो म्हणाला, "फरक पडतो." चार महिने त्याने रॅम्पला हात लावला नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही. शहाणपणाने नव्हे, काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून. एके दिवशी तो स्वतःच रॅम्पजवळ गेला. पाइपवरून चेंडू सोडला, कुठे गेला ते बघितलं, पाइप थोडा वर उचलायला सांगितलं, पुन्हा सोडला. एक तास तेच. घरी जाताना त्याने वहीत आकडा लिहिला नाही. पाइपच्या उंचीप्रमाणे चेंडू किती लांब जातो याचा तक्ता लिहिला. तेव्हापासून त्याच्या वहीत ताकदीचा रकाना नाही. डावाची आखणी असते: प्रतिस्पर्धी काय करेल, आपण आधी कुठला चेंडू अडवायचा.

रॅम्पवर खेळणाऱ्यांचा वर्ग बीसी3. तिथे खेळाडूला एक मदतनीस मिळतो आणि त्याचे नियम मला फार आवडतात. मदतनीसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं. चेंडू कुठे गेला ते बघायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, खुणा करायच्या नाहीत. खेळाडू सांगेल तसा रॅम्प हलवायचा आणि चेंडू सोडायचा तो मात्र खेळाडूनेच, हाताने नाहीतर डोक्याला लावलेल्या दांडीने. सबंध डाव मदतनीसाला दिसतो तो फक्त खेळाडूच्या चेहऱ्यावर.

त्याची मदतनीस मी. पंचवीस वर्षं मैदानाकडे तोंड करून उभं राहायची सवय असलेली बाई पाठ करून बसलेली असते. "डावीकडे. अजून. थोडं मागे. उंच. बस्स." तो दांडीने चेंडू ढकलतो, चेंडू घरंगळल्याचा आवाज होतो, मग काहीच नाही. पहिल्याच सामन्यात तिसऱ्या डावाला मागे चेंडू चेंडूवर आपटल्याचा टक्क आवाज आला आणि माझी मान वळली. पंचांनी दंड केला. तो डाव आम्ही हरलो आणि सामनाही.

परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी मी तुमच्या मानेला पट्टा बांधणार." शुक्रवारी सरावाला आला तेव्हा खरंच एक जुना पट्टा घेऊन आला होता.